सोपी पातळी: तुम्ही विचारलेत म्हणून

व्हिडिओ गेम सोपी पातळी लावूनच खेळायचे असतील, तर मग खेळायचेच कशाला, हा प्रश्न मला गेली काही वर्षे सातत्याने विचारला जात आहे. भाचा विचारतो, ऑफिसातले तरुण सहकारी विचारतात, आणि जुन्या गेमर मित्रमैत्रिणींपैकी काही जण माझ्या स्क्रीनवरचे सेटिंग पाहून नुसते गप्प होतात, तेही विचारणेच असते. विचारणारे सगळे खेळणारे आहेत, त्यामुळे वाट अडवणारा बलाढ्य शत्रू म्हणजे बॉस आणि त्याचा वार नेमक्या क्षणी परतवणे म्हणजे पॅरी, हे येथे सांगत बसण्याची गरज नाही. माझ्या हातांचे काय झाले आहे हेही त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे: दोन्ही हातांच्या बोटांत संधिवात, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी, आणि सकाळी उठल्यावर न मिटणारी मूठ. तरीही प्रश्न येतो, आणि त्यात दया मिसळलेली असली की तो अधिकच टोचतो. "तुझं ठीक आहे गं, तुला दुसरा पर्यायच नाही," असे एक मैत्रीण मला म्हणाली. मला ते ठीक वाटले नाही. माझे खेळणे कोणी सवलत म्हणून मान्य करावे, अशी माझी इच्छा नाही.

गेल्या वर्षभरात जे खेळले त्यावरूनच बोलते. 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३' हा माँपेलियेच्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा गेम एप्रिल २०२५ मध्ये आला. त्यात लढाई पाळीपाळीने होते, पण शत्रूची पाळी असताना त्याचा वार नेमक्या क्षणी चुकवावा किंवा परतवावा लागतो. मी तो 'स्टोरी' पातळीवर खेळले, कारण तिथे हा क्षण थोडा ऐसपैस असतो. शिवाय आपल्या हल्ल्यांच्या वेळी दाबावी लागणारी बटणे गेमने आपोआप दाबावीत, अशीही सोय सेटिंगमध्ये आहे. आता मला सांगा, गेममधल्या ल्युमिएर शहराच्या बंदरावर सोफी तिच्या पूर्वीच्या प्रियकराच्या, गुस्ताव्हच्या, डोळ्यांदेखत पाकळ्या होऊन विरून जाते, तो प्रसंग माझ्यासाठी सोपा झाला का? दर वर्षी एक आकडा कमी होतो, त्या वयाची माणसे नाहीशी होतात, आणि उरलेली माणसे आपल्या वाट्याला आलेली वर्षे मोजत जगतात, ही कल्पना समजून घेण्यासाठी माझ्या अंगठ्याच्या वेगाची काहीच आवश्यकता नव्हती. हे थांबवण्याच्या मोहिमेला निघताना त्या लोकांच्या मनात जे होते ते माझ्यापर्यंत पूर्ण पोहोचले. कोणत्याही पातळीवर खेळणाऱ्याने त्याहून अधिक काही मिळवले असेल, असे मला वाटत नाही.

'बालाट्रो'चे उदाहरण तर मी नेहमीच देते. २०२४ मध्ये आलेला हा पत्त्यांचा गेम एका बोटाने खेळता येतो, त्यात घड्याळ नाही, घाई नाही. बोटांच्या दृष्टीने याच्याइतका सोपा गेम माझ्याकडे दुसरा नाही. तरी कोणता जोकर, म्हणजे गुण वाढवणारा खास पत्ता, ठेवायचा, कोणता विकायचा आणि कोणत्या डावावर सगळा भर द्यायचा, याचा विचार करता करता डोके शिणते, आणि वरच्या स्टेक्सवर, म्हणजे अधिक कठीण पातळ्यांवर, तो मला अजूनही निर्दयपणे हरवतो. 'बालाट्रो' खेळणाऱ्याला कोणी कधी "हे काय खरे खेळणे?" असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही. म्हणजे बोटांना श्रम पडले नाहीत तरी चालते, फक्त तशी व्यवस्था निर्मात्याने मुळापासून केलेली असावी लागते. खेळणाऱ्याने ती स्वतः निवडली, की त्याच्या खेळण्यावर शंका घेतली जाते. या भेदाचे समाधानकारक कारण मला अद्याप कोणी दिलेले नाही.

'हेडीस २' या हाणामारीच्या गेममधल्या 'गॉड मोड'बद्दल मात्र माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. तो लावला की सुरुवातीला शत्रूचा मार वीस टक्क्यांनी कमी लागतो, प्रत्येक मरणानंतर आणखी दोन टक्क्यांनी, आणि हे ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. ही रचना सुंदर आहे, कारण हरण्यालाच ती थोडे थोडे बळ देते. पण तिने माझ्या बोटांचा भार हलका होत नाही. मी जास्त वेळ जिवंत राहते, म्हणजे जास्त वेळ बटणे दाबत राहते. सोपी पातळी म्हणजे काहीतरी एकच गोष्ट आहे असे जे गृहीत धरतात, त्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता 'सिल्कसाँग'कडे येते, कारण खरा प्रश्न तिथे उभा राहिला. 'हॉलो नाइट' २०१७ चा. त्याच्या पुढच्या भागाची, म्हणजे 'सिल्कसाँग'ची, आम्ही किती वाट पाहिली हे विचारणाऱ्यांना मी सांगायला नको. तो अखेर ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी, आणि विसर्जन उरकताच मी बसले. अॅडलेडच्या टीम चेरीने यात पातळी निवडण्याची सोयच ठेवलेली नाही. सुरुवातीला नायिका हॉर्नेटकडे पाच मास्क, म्हणजे जीव, असतात आणि अनेक शत्रूंच्या एका वारात दोन जातात. हे सगळे माहीत असूनही मी गेले, कारण फारलूमच्या त्या घंटांच्या राज्यात जाण्यावाचून मला राहवले नसते.

ब्लास्टेड स्टेप्स या भागात, राज्याच्या माथ्यावरच्या सिटाडेलच्या, म्हणजे बालेकिल्ल्याच्या, दाराशी, लास्ट जज उभा असतो. साखळीला बांधलेले पेटते धुपाटणे फिरवणारा हा बॉस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याच्यापर्यंतची वाटही आठवत असेल: मरण आले की, जिथून खेळ पुन्हा सुरू होतो त्या लांबच्या बाकापासून पुन्हा धावायचे, वाऱ्याच्या झोतावर तरंगायचे, कड्यांवरून उड्या मारायच्या, आणि मग दारात पोहोचायचे. धावण्यासाठी बटण दाबून धरावे लागते. माझ्या उजव्या तर्जनीला नेमके तेच सहन होत नाही. लढाईपर्यंत पोहोचता पोहोचताच बोट दुखू लागायचे आणि लढाई दुखऱ्या बोटाने सुरू व्हायची. तरी मी तो बॉस शिकले. धुपाटणे मागे गेले की ते कोणत्या बाजूने येणार, तो खांदा वळवतो तेव्हा झेप किती लांब असणार, केव्हा तीन मास्क भरून घेण्याइतकी उसंत मिळणार, हे सगळे मला कळू लागले होते. मी स्क्रीनकडे पाहून पुढचा वार आधीच सांगू शकत होते. फक्त मला कळणे आणि बोट दाबले जाणे यांच्यात एक फट होती, आणि सांधे सुजले की ती रुंदावत होती.

एका संध्याकाळी भाचा घरी आला होता आणि शेजारी बसून पाहत होता. मी हरले, पुन्हा धावत गेले, पुन्हा हरले. त्यानंतर मला कंट्रोलर नीट धरताच येईना. तो म्हणाला, "मावशी, तू सांग, मी दाबतो." मी नाही म्हणायला हवे होते की नाही, याचा निर्णय मला आजही करता येत नाही. मी कंट्रोलर दिला. मग मी बोलत गेले आणि तो दाबत गेला: आता मागे, आता वरून, थांब, भरून घे, आता आत जा. त्याने हा बॉस आधी पाहिलाही नव्हता. काही वेळा तो माझे ऐकण्याआधीच चुकला, काही वेळा मीच उशिरा सांगितले, पण थोड्याच वेळात जज कोसळला. सिटाडेलचे दार उघडले. "जिंकलो आपण!" असे म्हणून तो खरोखर आनंदाने ओरडला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागला, पण त्याची मला सवय आहे. सवय नव्हती ती या जाणिवेची, की लढाईतले माझे सगळे ज्ञान कामी आले आणि तरीही लढाई माझी झाली नाही.

मी स्वतःला अनेक प्रकारे समजावून पाहिले. निर्णय माझे होते, त्याने फक्त हात दिले. दोघे मिळून खेळणे ही किती जुनी गोष्ट आहे, लहानपणी एकाच कंट्रोलरवर आम्ही भावंडे असेच खेळत होतो. यातले काहीही खोटे नाही. पण पुढचे कित्येक दिवस मी गेम सुरू केला नाही, हेही खरे आहे.

जज जिवंत असतानाच्या सेव्हची, म्हणजे साठवून ठेवलेल्या खेळाची, प्रत संगणकावर माझ्याकडे होती. ती परत आणून, गेमचा वेग कमी करणारे एक साधन वापरून, मी सत्तर टक्के वेगावर तीच लढाई एकटीने लढले. एकही वार गाळला गेला नाही, जजची ताकद कणभरही घटली नाही, धुपाटण्याच्या एका फटक्यात पूर्वीइतकेच मास्क जात होते. फक्त मला कळल्यावर बोटाला पोहोचायला वेळ मिळत होता. मी हरले, पुन्हा धावले, आणि शेवटी जिंकले. तो आनंद पूर्ण होता, त्यात काहीही कमी नव्हते. मग मी भाच्याला मेसेज केला आणि त्याचे उत्तर आले, "भारी! पण मूळ स्पीडला नाही ना?" त्याने दुष्टपणाने विचारले नव्हते. आम्हा सगळ्यांना तसेच विचारायला शिकवले गेले आहे.

मीही तेच शिकले होते, आणि इथे माझा वाद माझ्याशीच आहे. २०१९ मध्ये 'सेकिरो' हा कठीण म्हणून गाजलेला गेम आला तेव्हा माझे हात धड होते. त्यातही पातळी निवडता येत नाही, आणि ती निवडता यावी की नाही यावर तेव्हा मोठा वाद झाला होता. ती येऊ नये, या बाजूने मी तावातावाने बोलत असे. माझे म्हणणे असे होते की सर्वांना एकच डोंगर चढावा लागतो, म्हणून वर भेटणाऱ्यांना एकमेकांची ओळख पटते. ते म्हणणे मी आज फेकून देऊ शकत नाही. त्यातल्या इस्शिन या शेवटच्या बॉसला हरवलेल्या दोन अनोळखी माणसांना एकमेकांविषयी जे कळते, ते मला कळले आहे आणि ते मौल्यवान आहे. पण त्या वेळच्या मला आज मी विचारते, की डोंगर खरोखर एकच होता का? 'सिल्कसाँग' आल्यावर काही दिवसांतच निर्मात्यांनी मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे बॉस थोडे सौम्य केले. आधी जिंकलेले आणि नंतर जिंकलेले एकाच डोंगरावर चढले नाहीत, तरी नंतरच्यांना कोणी तुम्ही कशाला खेळलात असे विचारत नाही. यावर जुनी मी उत्तर देते, की तो बदल निर्मात्यांनी केला, तू नव्हे. तिचे हे उत्तर मला खोडता येत नाही, आणि पटतही नाही.

विचारणाऱ्यांपैकी एक जण नेहमी रायगडाचा दाखला देतो: रोपवेने वर जाणाऱ्याने गड चढलो असे म्हणू नये. मान्य आहे. पण रोपवे पायऱ्या वगळतो. मी एकही पायरी वगळली नाही, मी त्या सावकाश चढले, आणि पायऱ्या किती वेगाने चढाव्यात याचा नियम गडावर कुठे लावलेला नाही.

'सेलेस्ट'च्या निर्मात्यांना हे सर्वांत नीट समजलेले मला दिसते. २०१८ च्या त्या गेममध्ये 'असिस्ट मोड' आहे. वेग दहा-दहा टक्क्यांनी खाली आणत निम्म्यापर्यंत नेता येतो, दम न संपण्याची, हवेत अधिक वेळा झेप घेण्याची, मरणच न येण्याची सोय करता येते, आणि यातले काय निवडायचे ते खेळणाऱ्यावर सोपवलेले आहे. सुरुवातीला तो मोड उघडताना दिसणाऱ्या मजकुरात, पहिल्यांदा त्याच्याशिवाय खेळावे अशी शिफारस होती. नंतर त्यांनी तो मजकूर बदलला आणि खेळाचे नियम आपल्या गरजेनुसार बदलता येतात असे सरळ लिहिले. मला हवे आहे ते एवढेच आहे: वेगाचे एक सेटिंग, आणि पुन्हा पुन्हा दाबायचे किंवा दाबून धरायचे बटण बदलून घेण्याची मोकळीक. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'मध्ये २०२० मध्येच अशी साठांहून अधिक सेटिंग होती आणि त्यामुळे त्या गेमची भीषणता तसूभरही कमी झाली नाही. मार कमी लागावा अशी माझी मागणी नाही, आणि ज्यांना ती हवी असेल त्यांच्या मागणीत मला गैर काही दिसत नाही.

सिटाडेलमध्ये शिरण्याची दुसरी एक वाट 'सिल्कसाँग'मध्ये आहे, हे मला नंतर कळले. सिनर्स रोडवरून धुक्याच्या प्रदेशातून जाऊन फँटम नावाच्या बॉसला हरवले, की जजच्या दारात जावेच लागत नाही. म्हणजे निर्मात्यांनीही एकच डोंगर ठेवलेला नव्हता. जुन्या मला हे दाखवले तर ती म्हणेल, की मग ती वाट शोधायची होतीस, वेग कशाला कमी केलास. मी म्हणेन, की ती वाट शोधतानाही तेच बोट तेच बटण दाबून धरणार होते. आमचे भांडण इथवर येऊन थांबते.

सध्या मी नव्या सेव्हवर त्याच वाटेने निघाले आहे, दर बैठकीनंतर हाताला पुरेशी विश्रांती देत. फँटमशी पूर्ण वेगात लढायचे की पहिल्यापासून सत्तर टक्क्यांवर, हे मी अजून ठरवलेले नाही, आणि जे ठरवेन ते कोणाला कळवण्याचा माझा विचार नाही. भाच्याला मात्र सांगून ठेवले आहे, की या वेळी शेजारी अवश्य बस, पण कंट्रोलर माझ्याच हातात राहील.