हृदयाला कोण सांगतं?

संपादक मंडळाने मनोगतासाठी ‘शाळेने मला काय दिलं’ हा विषय सुचवला आहे. शिस्त, संस्कार आणि गॅदरिंगच्या आठवणींवर बाकीचे लिहितीलच. मला शाळेनं एक प्रश्न दिला आणि त्यावर आज माझं पोट चालतं, तेवढंच लिहिते.

जीवशास्त्राच्या तासाला सरांनी बेडकाचं विच्छेदन करून दाखवलं होतं. (तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटत नसे, आता ते बंद झालं, हे बरंच झालं.) त्यांनी हृदय वेगळं काढून मिठाच्या द्रावणात ठेवलं. मेंदूशी संबंध तुटलेला, तरी ते आपलं उडतच होतं. सरांनी विचारलं, “आता याला कोण सांगतंय?” वर्ग गप्प. मग सरच म्हणाले, “मलाही नीट सांगता येणार नाही. पेशीच्या पटलात दारं असतात, त्यातून क्षार आतबाहेर करतात, एवढं वाचलंय. पुढचं तुम्ही वाचा.” फळ्यावरच्या आकृतीत ते पटल म्हणजे खडूची एक रेघ होती.

त्या द्रावणालाही इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं. 1880च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवलं, तर ते छान चाललं. पुढे ऊर्ध्वपातित पाणी वापरून तेच द्रावण केलं, तर ठोके विरत गेले. आधीचं पाणी नळाचं होतं आणि त्यात कॅल्शियम होतं! ठोक्यासाठी कॅल्शियम लागतं, ते असं नळाच्या पाण्यामुळे उघड झालं.

खडूची ती रेघ प्रत्यक्षात सुमारे 5 नॅनोमीटर जाडीची असते. ती मुख्यतः मेदाची असल्यामुळे विद्युतभार असलेले आयन तिच्यातून सहजी जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांचे अरुंद मार्ग असतात, तेच आयन चॅनेल. यातलं पोटॅशियमचं चॅनेल माझ्या खास आवडीचं. त्यातून सेकंदाला 10 कोटींपर्यंत आयन जाऊ शकतात, पण सोडियम अडतं. गंमत म्हणजे सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान! मोठ्याला वाट आणि लहानाला मज्जाव, हे कोडं रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 साली चॅनेलची रचना दाखवली तेव्हा उलगडलं. आत शिरताना आयनाला अंगाभोवतीचे पाण्याचे रेणू सोडावे लागतात. चॅनेलच्या चिंचोळ्या भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले असतात, की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. लहानग्या सोडियमला मात्र ते अंतर जुळत नाही, म्हणून ते पाणी सोडायला तयार होत नाही. 2003चं रसायनशास्त्राचं नोबेल या कामाला मिळालं (त्यात पाण्याच्या चॅनेलबद्दल पीटर एग्री यांचाही वाटा होता).

आणि सरांचा प्रश्न? ठोक्याची सुरुवात करणाऱ्या पेशींमध्ये एक चॅनेल असं आहे, की पेशी विसावू लागली की ते उघडतं आणि मुख्यतः सोडियम आत झिरपू देतं. पेशीचा विभव, म्हणजे आतबाहेरच्या विद्युतदाबातला फरक, हळूहळू चढतो, मग कॅल्शियमची चॅनेल उघडतात आणि ठोका पडतो. पुढे पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी पुन्हा विसावते आणि चक्र नव्याने सुरू होतं. मज्जातंतू वेग कमीजास्त करतात, पण ‘सांगणारा’ कुणी लागत नाही. सुरुवातीला झिरपणाऱ्या सोडियमच्या प्रवाहाचं वागणं इतर प्रवाहांपेक्षा इतकं उलटं, की शास्त्रज्ञांनी त्याला चक्क ‘फनी करंट’ म्हटलं.

माझं काम या चक्रातल्या शेवटच्या टप्प्याशी आहे. पोटॅशियम बाहेर सोडणारं ‘हर्ग’ नावाचं एक चॅनेल आहे. ते भलत्याच औषधांनाही आत अडकू देतं. टर्फेनाडिन ही ॲलर्जीची साधी गोळी, पण काही अँटिबायोटिक किंवा बुरशीनाशक औषधांबरोबर घेतली की यकृतात तिचं रूपांतर होईना. रक्तात साठलेली गोळी हर्ग अडवी, ईसीजीतलं क्यूटी अंतर (ठोका सुरू झाल्यापासून पेशी पुन्हा विसावेपर्यंतचा वेळ) वाढे आणि काहींच्या हृदयाची लय जीवघेणी बिघडली. अखेर ते औषध मागे घ्यावं लागलं. आता नवं औषध माणसाला देण्याआधी हर्गवर तपासलं जातं. ती तपासणी मी करते. काचेच्या नळीचं सूक्ष्म टोक पेशीला चिकटवून प्रवाह मोजायचा, ही नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांची 1976ची युक्ती. एका चॅनेलचा प्रवाह काही पिकोअँपियर, म्हणजे अँपियरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या घरातला. काम कंटाळवाणं आहे, मला आवडतं.

चॅनेलची कथा हृदयापाशी संपत नाही. काही तान्ह्या बाळांना जन्मानंतर लगेच मधुमेह होतो, कारण स्वादुपिंडातलं पोटॅशियमचं एक चॅनेल मिटतच नाही आणि इन्सुलिन सुटत नाही. 2004 साली हा जनुकदोष सापडला आणि त्यातल्या अनेक मुलांची इंजेक्शनं जाऊन त्यांना मधुमेहाची जुनीच गोळी पुरू लागली. इतकं सरळ उत्तर फार थोड्या आजारांना मिळतं.

आता शाळेतल्या आजच्या शिक्षकांसाठी थोडं. हर्ग किंवा तशाच चॅनेलचा दोष काही मुलांना जन्मजात असतो. धावताना, पोहताना किंवा घंटा अचानक कर्कश वाजल्यावर एखादं मूल बेशुद्ध पडलं, तर ‘काही खाऊन आलं नसेल’ म्हणून सोडून देऊ नका. पालकांना ईसीजी काढायला सांगा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, हेही विचारा. पहिला ईसीजी कधी कधी नॉर्मल येतो, म्हणून हृदयतज्ज्ञांनाच दाखवावं. निदान झालं तर बहुतेकांना बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ॲड्रेनलिनचा परिणाम कमी करणाऱ्या) गोळ्या देतात, आणि भावंडांचीही तपासणी करतात.