एरंडेलातली मोहरी

बंडीच्या आसात घालायला असो की पोट जड झाल्यावर घोटभर घ्यायला, आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात एरंडेलाची बाटली असायचीच. त्या बाटलीत मोहरीचा दाणा सोडून त्याचे बुडणे पाहणे हा रिकाम्या दुपारचा अगदी उत्तम उद्योग आहे, असे माझे मत आहे. दाणा आधी तेलाच्या पृष्ठभागावर अडून बसतो, काडीने टोचल्यावर सगळीकडून माखतो आणि मग एकसारख्या संथ चालीने खाली उतरू लागतो. तेवढ्याच आकाराचा दुसरा दाणा काचेच्या अगदी कडेने सोडला, तर त्याला तळ गाठायला अधिक वेळ लागतो, आणि तोही काचेला न शिवता.

याचे कारण असे की, काचेला लागून असलेला तेलाचा थर जागचा हलत नाही. उतरणारा दाणा मात्र भोवतीचे तेल आपल्यासोबत ओढत असतो आणि ही ओढ दूरवर, फार सावकाश विरत जाते. वाटेत भिंत आली की तिथे तिला शून्य व्हावेच लागते, मधले तेल जास्त घासले जाते आणि त्या घासण्याचा भार दाण्यावर पडतो. शिवाय बाटली बंद बुडाची असल्याने दाण्याने सारलेल्या तेलाला त्याच्याच अंगावरून वर यावे लागते; पांदणीत समोरून बंडी आल्यावर दोघांचीही चाल मंदावते, तसेच हे. (दाण्याची चाल सर्वांत जास्त असते ती नेमकी मधोमध नव्हे, तर मध्यापासून काचेकडे साधारण चार-दशांश अंतरावर, हा गणिताचा खोडकरपणा मला फार आवडतो.)

द्रवातून संथ उतरणाऱ्या गोळीला किती अडथळा होतो याचे, शास्त्रज्ञ स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलेले सूत्र अमर्याद द्रवासाठी होते. भिंतीचा हिशेब पुढे लोरेंट्झ यांनी १८९६ साली आणि त्यानंतर फाक्सेन यांनी मांडला. त्यानुसार दोन सेंटीमीटर रुंद बाटलीच्या मध्यातून दोन मिलिमीटरचा दाणा उतरत असेल, तर त्याची गती सुमारे २१ टक्क्यांनी घटते. बाटलीचा तळ हीसुद्धा एक भिंतच. दाणा भिंतीपासून पुरेसा दूर असताना तिच्याकडे सरळ जाताना लागणारा जादा अडथळा, तेवढ्याच अंतरावरून तिला समांतर जाताना लागणाऱ्याच्या दुप्पट असतो.

आता आमच्या वैशाखाचे. दहा अंशांच्या थंडीत एरंडेल जेवढे दाट असते, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे ते चाळीस अंशांना उरते, आणि दाणा साधारण दहापट वेगाने उतरतो. पण भिंतीचा वाटा तोच, २१ टक्के! इतक्या संथ हालचालीत तो दाण्याच्या आणि बाटलीच्या रुंदीच्या प्रमाणावरच ठरतो, तेलाच्या दाटपणाचा त्यात संबंध नाही. म्हणून प्रयोगशाळेत पडत्या गोळीवरून तेलाची विष्यंदिता, म्हणजे हा दाटपणा, मोजणाऱ्याने रुंद नळकांडे घ्यावे किंवा दुरुस्तीचा गुणक वापरावा. अरुंद नळीत तेल आहे त्याहून दाट भासेल, मग प्रयोग पौषात करा की वैशाखात.