आमची वाटचाल : फळ्याशेजारचा पडदा

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान. कॉम्प्युटर दुरुस्तीतून शाळांच्या प्रोजेक्टरकडे वळलो. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २२ जुलै २०२१ चं. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, माल तिच्या वरच्या फळ्यांवर असायचा. वाशिष्ठीने त्या फळ्याही बुडवल्या. प्रोजेक्टर, यूपीएस, लॅपटॉप, सगळ्यात चिखल. शाळा कोरोनामुळे आधीच बंद, जुनी बिलं अडकलेली. नेमकी तेव्हाच एक बाहेरची कंपनी टॅब घेऊन तालुकाभर फिरत होती. 'व्हिडिओ लावा, गणित आपोआप येतं!' आमची जुनी गिऱ्हाइकं तिकडे वळली. एकानेही फोन करून विचारलं नाही, हे अजून लागतं.

फोन आला तो गुहागरकडच्या एका बाईंचा. "दादा, विकायला काही नसू दे. जिओजेब्रा फुकट आहे ना? आम्हाला शिकवायला या." ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या मार्कुस होहेनवार्टरने २००१ मध्ये सुरू केलेलं, भूमितीच्या आकृत्या काढून पडद्यावर ओढता येणारं हे सॉफ्टवेअर एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. आमच्याकडे रेंज शोधत डोंगरावर जावं लागतं, तिथे याचं मोल कळतं. बाईंनी आसपासचे गणित शिक्षक जमवले, वर्गणी काढून मानधन दिलं. दुकान तगलं ते त्या पैशावर.

पहिल्याच बैठकीत बाईंनी स्वतः त्रिकोण काढला, प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर लंब, म्हणजे तिन्ही शिरोलंब टाकले आणि एक शिरोबिंदू ओढत नेला. कोन विशाल झाला मात्र, ते तिन्ही लंब मिळतात तो लंबसंपात बिंदू त्रिकोणाबाहेर! मागून एक गुरुजी म्हणाले, "अरे, हा पळाला की!" वीस वर्षं तेच प्रमेय शिकवणारा माणूस. मग मध्यगा घेतल्या, शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेषा. कितीही ओढा, त्यांचा संपात बिंदू आतच, आणि प्रत्येक मध्यगेचे शिरोबिंदूकडून २:१ असेच भाग. पण ओढण्याआधी अंदाज वहीत लिहून घ्यायचा, ही बाईंची अट. आम्ही आजही प्रशिक्षणात ती मोडू देत नाही. तयार व्हिडिओत ओढायला काय आहे?

आणि हो, प्रोजेक्टर घेण्याआधी वर्गाला जाड पडदे घ्या. पावसाळ्यात तो छताला टांगून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा.

त्या कंपनीचे टॅब आता दुरुस्तीला आमच्याकडेच येतात. करून देतो. मजुरी मात्र रोख.