बियरच्या पाटीवरचं मला कसं कळायला लागलं

आमच्या बेळगावात बियर म्हणजे दोनच प्रकार, स्ट्राँग आणि माइल्ड, आणि तिसरा धरायचाच तर चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावर स्वस्तात मिळते ती. मीही त्यातलाच. पण माझा आतेभाऊ, खानापूरचा, बायोटेक करून बेंगळुरूला एका ब्रूपबमध्ये बियर बनवायच्या कामाला लागला आणि मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं त्याच्याकडे जायला लागलो, तिथं भिंतीवर पाटी, प्रत्येक बियरच्या पुढं ओजी, एफजी, आयबीयू, एबीव्ही असले आकडे आणि खाली मॉल्टी, मीडियम बॉडी, ड्राय फिनिश वगैरे. आमच्या टेबलावरची पोरं 'सगळ्यात जास्त चढणारी कुठली' एवढंच विचारून मोकळी, मला मात्र ती पाटी वाचता येईना याचा राग यायचा.

नेटवर टेस्टिंगच्या शब्दांच्या याद्या ढीगभर आहेत, पाठ करून काही होत नाही. आतेभाऊ म्हणाला, "दादा, चवीपासनं सुरू करू नको, धान्यापासनं कर, यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या भांड्यात तयार होतोय." हे एक वाक्य मला सगळ्यात जास्त कामाला आलं.

मे महिन्यात गावच्या यात्रेला आला तेव्हा तो माल्टच्या पुड्या घेऊनच आला. माल्ट आपल्याकडं कुणाला नवीन आहे, रागी माल्ट गल्लोगल्ली मिळतं, नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. इथं नाचणीच्या जागी बार्ली म्हणजे जव, एवढाच फरक. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि भट्टीत किती वाळवलं-भाजलं यावर रंग आणि चव ठरते. आम्ही दोघं पडवीत बसून दाणे चघळत होतो, आत्या बाहेर आली, "काय करूलास रे, गुरांचं खाद्य खाऊन पोट भरणार काय?" पिल्सनर माल्ट फिकट, गोडसर. म्युनिक माल्टला पावाच्या भाजलेल्या कडेची चव. आणि काळी भाजलेली बार्ली, सरळ कॉफी, कडू. पाटीवरचे मॉल्टी, बिस्किटी, रोस्टी हे तीन शब्द तिथंच पडवीत मिटले.

मग बॉडी, म्हणजे बियर तोंडात किती भरल्यासारखी लागते ते. दळलेलं माल्ट गरम पाण्यात ठेवायचं, त्याला मॅश म्हणतात, एन्झाइम दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात आणि जो गोड रस गाळून निघतो तो वर्ट. आता गंमत अशी की पाणी 63-65 डिग्रीला ठेवलं तर यीस्टला, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या बुरशीला, खाता येईल अशी साखर जास्त होते, बियर हलकी, ड्राय म्हणजे गोडवा न उरलेली लागते, आणि 68-69 ला ठेवलं तर यीस्टला न पचणारी साखर मागं राहते, तोंडात भरल्यासारखी वाटते. म्हणजे चारपाच डिग्रीचा खेळ! ओजी म्हणजे आंबायच्या आधीची वर्टची घनता, एफजी म्हणजे आंबून झाल्यावरची, पाणी 1.000 धरून. ओजी 1.050 आणि एफजी 1.010 असेल तर फरक 0.040, त्याला 131.25 नं गुणलं की 5.25 टक्के अल्कोहोल, तेच पाटीवरचं एबीव्ही. हे कळल्यापासून मी पाटीवर आधी एफजी बघतो, ते 1.008 च्या आसपास असलं की ड्राय, 1.018 ला गेलं की गोडसर, जड. वेटरला विचारायची गरजच नाही.

हॉप्सचं थोडक्यात सांगतो. ती एका वेलीची फुलं, हातावर चोळून वास घ्यायचा. उकळताना सुरुवातीला टाकली की कडूपणा, शेवटी टाकली की वास, कारण वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात. आयबीयू हा कडूपणाचा आकडा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, 35 आयबीयूची गोडसर स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळी बियर) 25 वाल्या ड्राय लागरपेक्षा कमी कडू लागू शकते. हॉपी म्हणजे कडूच असंही नाही, नुसता संत्र्या-आंब्याचा वास असून कडूपणा बेताचा असलेल्या बियरी असतात.

बेंगळुरूत हेफेवाइझन ही गव्हाची जर्मन बियर प्यालो तेव्हा केळ्याचा आणि लवंगेचा वास, शेजारच्या टेबलावर एक काका वेटरशी भांडत होते की इसेन्स घातलाय म्हणून. घातलेला नसतो, तो यीस्टच करतो. विटबियर या बेल्जियमच्या गव्हाच्या बियरमध्ये मात्र खरंच धणे आणि संत्र्याची साल घालतात. एल आणि लागर या बियरच्या दोन मोठ्या जाती, त्यांच्यातला फरकही मुळात यीस्टचाच, एलचं यीस्ट साधारण 15 ते 22 डिग्रीत काम करतं, लागरचं 8 ते 13 च्या थंडीत, सावकाश, त्यामुळं लागर टाकीत जास्त दिवस अडकून पडते.

मला सगळ्यात मजा आली ती दोष ओळखण्यात. लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर डायअॅसिटाइल, आंबवताना तयार होतं आणि यीस्टच शेवटी ते परत खातं, बियर घाईनं काढली तर राहून जातं. हिरव्या सफरचंदाचा वास, तीही कच्चीच बियर. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे डीएमएस नावाचा गंधकाचा घटक, झाकण उघडं ठेवून जोरात उकळलं की तो उडून जातो. ओला पुठ्ठा म्हणजे ऑक्सिजन लागलाय, जुनी झालीय.

आणि उन्हाचा प्रकार तर घरीच करून बघण्यासारखा. एकाच बाटलीतली बियर दोन काचेच्या ग्लासात ओता, एक आत ठेवा, एक बेळगावच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दहापंधरा मिनिटं, मग वास घ्या. उन्हातल्या ग्लासाला कुबट गंधकी वास मारतो, हॉप्समधले कडू घटक उजेडानं तुटतात म्हणून. तपकिरी बाटली उजेड बराच अडवते, हिरवी कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. आता वाईन शॉपमध्ये पोरगं दारातल्या शोकेसमधली हिरवी बाटली काढायला लागलं की मी म्हणतो, "ती नको, आतल्या खोक्यातली दे, आणि तारीख दाखव." तो वैतागतो, पण देतो.

पिताना अगदी बर्फगार पिऊ नका, जीभ बधिर होते, सात-आठ डिग्रीला आली की बोलायला लागते. ओतल्या ओतल्या वास घ्यायचा, घोट गिळायचा आणि नाकानं श्वास सोडायचा, निम्मी चव तिथंच कळते.

काही शब्दांशी माझं अजून जमलेलं नाही. 'स्मूथ' हा जाहिरातवाल्यांचा शब्द, तो कुठल्याच भांड्यात तयार होत नाही असं माझं मत. 'क्रिस्प'वरून आतेभावाशी अजून वाद चालू आहे, तो म्हणतो कमी एफजी, भरपूर गॅस आणि थोडा कडूपणा मिळून क्रिस्प होतं, मी म्हणतो मग तेच तीन लिही की पाटीवर.