सरळ आऱ्यांचं चाक

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नव्या कुट्टी मशीनचं डिझाइन तपासायला मला बोलावलं होतं. हातानं फिरवायची, कडबा आणि उसाचं वाडं कापायची मशीन. डिझायनर निपाणीकडची मुलगी, पुण्यात शिकून आलेली. समोर मालक, शेजारी पॅटर्न, म्हणजे वाळूचा साचा घ्यायला लागणारा लाकडी नमुना, करणारे सुतारमामा.

ड्रॉइंगमधलं चाक लगेच नजरेत भरलं. जुन्या मशीनचे बाकदार आरे काढून तिनं सहा सरळ, सडपातळ आरे दिले होते. दिसायला देखणं, यात शंका नाही. मामांनी ड्रॉइंग स्वतःकडे ओढलं आणि म्हणाले, "पोरी, हे साच्यातनं अख्खं बाहेर येईल म्हणून मी काय सांगू शकत नाही बघ."

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करतात. पण चाक काही सगळीकडे एकाच वेळी आकसत नाही. बारीक आरे आधी गार होतात; जाड कडा आणि मधला तुंबा मागून. तुंबा शेवटी आकसताना आऱ्यांना आत खेचतो. आरा बाकदार असेल तर किंचित उलगडतो आणि तो ताण पोटात घेतो. सरळ आऱ्याला सरकायला जागाच नसते. बीड दाब भरपूर सोसतं, ताण मात्र नाही. मग तडा जातो. किंवा त्याहून वाईट, तडा जात नाही, ताण आतच राहतो आणि पुढे कधीतरी गोठ्यात आरा तुटतो. ज्या बाकाला लोक जुन्या काळची नक्षी समजतात, तो याच्यासाठी असतो.

ती गप्प ऐकून घेणारी नव्हती. "सर, मग पाच आरे केले तर? समोरासमोर येणार नाहीत." प्रश्न अगदी योग्य होता, विषम आऱ्यांनी ताण कमी होतो. पण या मशीनला दोन पाती, ती आऱ्यांवरच बोल्टनं बसतात आणि एकमेकांच्या बरोबर समोर हवीत, नाहीतर चाकाचा तोल जातो. म्हणजे आरे समच ठेवायचे आणि बाक द्यायचा. मामांनी प्लायवूडवर खडूनं एक बाक काढला. तिनं तो पुसून जरा लांब, एकाच वळणाचा काढला. आऱ्याची जाडी तुंब्याकडे हळूहळू वाढवली, कोपऱ्यांना गोलाई दिली, पात्याखाली मशीनिंगसाठी सपाट जागा सोडली. खरं सांगतो, हे चाक पहिल्यापेक्षा सुंदर होतं. त्यातली एकही रेघ उगाच नव्हती.

कडेवरची उठावाची अक्षरं मी काढायला लावली. त्यांच्या बाजू सरळ उभ्या होत्या. पॅटर्न वाळूतून उचलताना १-२ अंशांचा उतार नसेल तर साचा ढासळतो.

तिच्या डिझाइनमधली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र वैरण सरकवायची नळी होती. नेहमीपेक्षा लांब, वरून बंद, म्हणजे हात वैरण आत ओढणाऱ्या रोलरपर्यंत पोचणारच नाही. गावात कुट्टी बहुतेक बायकाच करतात, म्हणून त्यांच्या हाताची लांबी मोजून तिनं ती ठरवली होती. कुट्टी मशीनवर बोटं गेलेली माणसं आपल्या भागात कुणी पाहिली नाहीत? पण तिनं ही नळी बिडात ओतायची ठरवलं होतं. एवढ्या लांब पोकळ भागाला कोअर, म्हणजे पोकळी राखणारा वाळूचा गाभा, लागणार, पातळ भिंतीत बिडाचा रस गोठून अर्ध्यातच थांबायची भीती, शिवाय वजन. मी म्हटलं, दोन मिलिमीटरचा पत्रा वाकवा, बोल्टनं जोडा.

मालक म्हणाले, "मग ती नळी ऑप्शनलच ठेवूया की. गिऱ्हाईक किंमत बघतंय हो."

मला राग आला. म्हटलं, "ज्याला परवडत नाही त्याचीच बायको त्या मशीनवर बसणार आहे. नळी नसेल तर मी या डिझाइनवर सही करणार नाही." मामांनीही मान हलवली. वाद बराच चालला. शेवटी सुटसुटीत चाकामुळे वाचणाऱ्या बिडाचा आणि पत्र्याच्या खर्चाचा हिशेब तिनं तिथंच कागदावर मांडला. जादा पडणारी रक्कम मालकांना वाटत होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली. नळी मूळ मशीनच्या यादीत गेली आणि मामांनी पॅटर्नसाठी सागवान काढायला घेतलं.