अजून हलतंय

रविवारपासून एकच वाक्य मनातून जात नाही, आणि ते बाबांचे नसून माझे आहे. "नाही हलत, बाबा," एवढेच मी म्हणाले होते. आवाज चढवून नव्हे आणि रागानेही नव्हे. कुणी वेळ विचारली तर घड्याळ पाहून सांगावी, तितक्या सहजपणे म्हणाले होते. त्यानंतर बाबांनी एक गाणे अर्ध्यापर्यंत वाजवले, गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि बोटे दुखत असल्याचे सांगितले. बोटे दुखत नव्हती. ती दुखतात तेव्हा बाबा उजव्या हाताने डावा हात चोळत बसतात, हे मी त्यांना गिटार शिकवताना दोन वर्षे दर रविवारी पाहत आले आहे. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ होते.

घडले ते फार थोडे. मी नेहमीपेक्षा लवकर पोहोचले होते आणि बाबा अंघोळीला गेले होते, म्हणून मी त्यांची गिटार पिशवीतून काढून चिमट्याचा ट्यूनर, म्हणजे तार सुरात आली की हिरवा दिवा दाखवणारे छोटे यंत्र, लावला आणि सहाही तारा सुरात आणून ठेवल्या. दोन आठवड्यांपूर्वीच नव्या तारा चढवल्या होत्या. नायलॉनच्या नव्या तारा ताणल्या जाऊन स्थिरावेपर्यंत कित्येक दिवस उतरत राहतात, आणि आमच्या एका तासातला अर्धा वेळ खुंट्या पिळण्यातच जातो. तो वाचवावा आणि दोघांनी मिळून अधिक वाजवावे, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हते. बाबा आले, त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि "लावलीस?" असे विचारले. मी हो म्हणाले. तरीही सवयीने त्यांनी सहाव्या तारेवर गिटारच्या दांडीवरच्या पाचव्या पट्टीपाशी आणि पाचव्या तारेवर सातव्या पट्टीपाशी बोट अलगद टेकवून दोन हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारे उंच सूर, छेडले, कान पुढे केला आणि म्हणाले, "अजून हलतंय." त्यांचा हात खुंटीकडे गेला. मी तो धरला, ट्यूनरचा हिरवा दिवा दाखवला आणि ते वाक्य बोलले.

सोमवारी मला स्वतःचीच कीव येत होती, हे इथे लिहिण्यात संकोच नको. आठवडाभराच्या कामानंतर हाताशी एक रविवार असतो आणि तो मी आनंदाने देते, परंतु माझा स्वतःचा रियाज मागे पडला आहे, हाताला पूर्वीचा वेग राहिलेला नाही, आणि एवढे करूनही तारा आधीच लावून ठेवल्या म्हणून कुणी रुसावे, हे मला फार लागले. शाळेत असताना मी गिटार शिकू लागले, तेव्हापासून बाबांनी माझ्या वाजवण्याला कधी चांगले म्हटले नाही आणि वाईटही म्हटले नाही. दार लावून वाजवणारी मुलगी आणि दाराबाहेरून निघून जाणारे वडील, एवढेच ते होते. आम्ही वाजवायला बसलो की आजकाल आई आतल्या खोलीचे दार ओढून घेते. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

मंगळवारी पहाटे जाग आली ती एका जुन्या आठवणीने. पहिल्याच महिन्यात, त्यांना अजून एकही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचा गट, धड धरता येत नव्हती तेव्हा, मी विचारले होते की या वयात गिटारच का शिकावीशी वाटली. बाबांनी जे सांगितले ते मी तेव्हा हसून सोडून दिले होते. ते म्हणाले होते, "तुझं गाणं भिंतीपलीकडून नीट कळायचं नाही. पण तू तारा लावायचीस ना, तेव्हा आधी काहीतरी जोरात थरथरायचं, मग हळू व्हायचं, आणि एकदम थांबायचं. ते थांबणं मला कळायचं. मग मी झोपायचो."

भिंतीतून खालचे सूर अधिक सहज पार होतात आणि तारेचा स्पष्टपणा, बोटांचा खरखराट, शब्द हे सगळे अलीकडेच राहते. म्हणजे इतकी वर्षे त्यांनी माझी गाणी ऐकली नव्हती, माझे तारा लावणे ऐकले होते. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की आवाज लहानमोठा होत राहतो. एक तार सेकंदाला ११० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी ११२ वेळा, तर तो सेकंदात दोनदा फुगतो आणि दोनदा ओसरतो. तारा जवळ येऊ लागल्या की हे फुगणे सावकाश होते आणि एक झाल्या की थांबते. ध्वनिशास्त्रात याला बीट्स म्हणतात. बाबा त्याला हेलकावा म्हणतात, आणि मला त्यांचाच शब्द अधिक बरोबर वाटतो. त्यांना सी, जी, ए मायनर आणि डी मायनर या कॉर्ड येतात. एफ ते पहिल्या बोटाने सगळ्या तारा न दाबता वरच्या चारच तारांवर धरतात. आणि या पाच कॉर्डपेक्षा कितीतरी अधिक सुख त्यांना हेलकावा शांत होताना ऐकण्यात मिळते. तारा लावून झाल्या की ते माझ्याकडे पाहतात. ज्याला मी फुकट गेलेला अर्धा तास समजत होते, तोच त्यांच्यासाठी गिटार वाजवण्याचा तास होता, आणि रविवारी मी तो आधीच उरकून ठेवला होता.

हे उमगल्यावर वाईट वाटले, पण आत टोचणारे काहीतरी तसेच राहिले. लवकर येऊन तारा लावणे ही चूक असली तरी प्रेमाची चूक होती. "नाही हलत" ही तशी नव्हती.

गेल्या महिन्यात बाबांच्या कानांची तपासणी झाली. त्या आलेखातली रेघ डावीकडे जवळजवळ सपाट होती आणि उजवीकडे, म्हणजे उंच सुरांकडे जाताना, एखादी वाट उतरावी तशी खाली गेली होती. वयाबरोबर कान असेच जातात. आधी उंच सूर, मग हळूहळू बाकीचे. बाबांनी तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्यांच्या कानांबद्दल आमच्यात झालेले पहिले बोलणे रविवारचेच आहे, हे माझ्या तीन दिवसांनी लक्षात आले. "अजून हलतंय" हे गिटारबद्दलचे वाक्य नव्हतेच, किंवा निदान तेवढेच नव्हते. आपल्याला जे ऐकू येते आहे ते खरोखरच आहे का, असे ते मला विचारत होते, आणि मी एका हिरव्या दिव्याच्या भरवशावर नाही म्हणाले.

काल रात्री मी कागद घेऊन बसले. खरे तर माझीच बाजू बरोबर असल्याची खात्री करून घ्यायची होती, म्हणजे निदान तेवढा तरी दिलासा मिळाला असता. पाचवी तार सेकंदाला ११० कंपनांची. सातव्या पट्टीपाशी, म्हणजे तारेच्या एक तृतीयांशावर, बोट टेकवले की तिप्पट सूर निघतो: ३३०. सहावी तार ८२.४१ कंपनांची. पाचव्या पट्टीपाशी, म्हणजे एक चतुर्थांशावर, चौपट सूर निघतो: ३२९.६३. दोन्ही एक असायला हवेत असे मी इतकी वर्षे धरून चालले होते आणि ते एक नाहीत. त्यांच्यात ०.३७ चा फरक आहे. ट्यूनरने अगदी नेमक्या लावलेल्या गिटारवरदेखील हे दोन हार्मोनिक सुमारे पावणेतीन सेकंदांत एक हेलकावा घेतात.

हलत होते. वीस वर्षे गिटार वाजवणाऱ्या मला ते ऐकू आले नाही, आणि ज्यांचे कान उतरत चालले आहेत असे छापील कागद सांगतो, त्यांना आले. ३३० कंपने हा काही उंच सूर नाही; आलेखातली ती रेघ जिथे सपाट आहे तिथलाच तो आहे. मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत बसले होते.

यात ट्यूनर खोटा होता असे नव्हे. गिटारच्या पट्ट्या सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेल्या असतात. प्रत्येक सूर आधीच्या सुराच्या सुमारे १.०५९५ पट. त्यामुळे कुठलाही सूर सा धरून गाणे वाजवता येते, पण त्या सोयीसाठी शुद्ध संवादापासून जवळजवळ प्रत्येक ठिकाणी थोडेथोडे सरकावे लागते. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोन भागांचा फरक या दोन तारांमध्ये राहतो, आणि बाबांना ऐकू येतो तो त्या दोन भागांचा हेलकावा. त्यांच्या पद्धतीने तो पूर्ण शांत केला, मग पाचवीवरून चौथी आणि चौथीवरून तिसरी तशीच लावली, की तिसऱ्या तारेपर्यंत सहा भाग साचतात. तिसरी तार उतरलेली राहते, दुसरी ते सहावीच्या हार्मोनिकवरून लावतात म्हणून ती किंचित चढलेली राहते, आणि सगळे हेलकावे थांबवून झाल्यावर जी कॉर्ड वाजवताना बाबांच्या कपाळावर आठी का येते, याचे कारण मला काल रात्री कळले. दोन वर्षे ते स्वतःच्या बोटांना दोष देत आहेत. मीही बोटांनाच दोष देत होते. बोट पट्टीच्या जवळ ठेवा, असे किती वेळा सांगितले असेन.

पट्ट्या कुठे बसवायच्या याचा जुना हिशेब शोधता शोधता मी विन्चेन्झो गॅलिली यांच्यापर्यंत गेले. ते ल्यूट हे गिटारसारखे जुने तंतुवाद्य वाजवत आणि खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील होते. १५८१ मध्ये त्यांनी ल्यूटच्या पट्ट्यांसाठी १८ ला १७ हे प्रमाण मांडले. उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडत पुढची पट्टी बसवत जायचे. मुलगा ल्यूट त्यांच्याकडूनच शिकला. वडील १५९१ मध्ये गेले, आणि मुलाने तारांच्या कंपनांविषयी लिहिलेले १६३८ मध्ये छापले गेले, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी. त्या दोघांमध्ये तारा लावताना काय बोलणे होत असेल, हे डोळ्यांपुढे आणण्याचा मी बराच प्रयत्न केला. आमच्याकडे शिकवणे उलट्या दिशेने चालले आहे असे मी दोन वर्षे समजत आले. ते तितके सरळ नसावे. हेलकावा थांबतो तो क्षण ऐकायला मला कुणी शिकवले नाही. मी तारा लावत असे ती वाजवायला सुरुवात करता यावी म्हणून, आणि भिंतीपलीकडचा माणूस मात्र तेवढ्याचसाठी जागा राहत असे.

कीव आता राहिलेली नाही. मनाला एक वेगळीच शांतता आली आहे, आणि तिच्यात थोडे हसूही आहे, कारण मला वाटते तितकी मी काही बाबांची शिक्षिका नाही आणि ते ओझे उतरल्यावर बरे वाटते आहे. रियाज मागे पडल्याचे दुःख आहे तिथेच आहे. त्याचा आणि बाबांचा संबंध नव्हता, तो मीच जोडला होता.

आज संध्याकाळी फोन केला. क्षमा कशी मागावी हे ठरवून ठेवले होते, पण बाबांचा आवाज ऐकल्यावर तोंडातून आकडेच निघाले. ३३०, ३२९.६३, पावणेतीन सेकंद. ते काही बोलेनात. मला वाटले फोन तुटला. मग त्यांनी विचारले, "म्हणजे मला बरोबर ऐकू येत होतं?" मी म्हणाले, "बरोबर. मला येत नव्हतं." पुन्हा थोडा वेळ काही नाही. नंतर मी त्यांना जी कॉर्डचे सांगितले. तो हेलकावा पूर्ण थांबवायचा नाही, पावणेतीन सेकंदांना एक एवढा शिल्लक ठेवायचा, आणि तोच हिशेब पुढच्या तारांनाही लावायचा, पाचवी-चौथीला दोन सेकंदांत एक आणि चौथी-तिसरीला दीड सेकंदात एक. पियानो कानाने लावणारे लोक असेच हेलकावे मोजून लावतात, हेही सांगितले.

"थांब," बाबा म्हणाले.

पिशवीच्या चेनचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दोन हार्मोनिक, पाठोपाठ. मी फोन कानाशी घट्ट धरला, डोळे मिटले, श्वासही आवरला. सूर आला आणि विरत गेला, पण त्याचे हलणे काही माझ्यापर्यंत पोहोचले नाही. मी तसे सांगितले.

"बरं, मी सांगतो," असे म्हणून त्यांनी तारा पुन्हा छेडल्या, आणि प्रत्येक हेलकाव्याला एकेक आकडा म्हणत माझ्यासाठी मोठ्याने मोजू लागले.