जलपर्णीच्या मुळांकडून किती अपेक्षा ठेवावी

पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णी पसरली की तक्रारींचा सूर लागतो, आणि त्याच वेळी कोणीतरी हमखास सांगते की ही वनस्पती पाणी शुद्ध करते. नदीत उतरणाऱ्या औषधांच्या अंशांपुरते बोलायचे, तर या दाव्याला बरेच खुलासे जोडावे लागतात.

घेतलेल्या गोळीचा काही भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि सांडपाण्यात लिटरमागे नॅनोग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात उतरतो. मैलाशुद्धीकरण केंद्रांची रचना सेंद्रिय मैला कमी करण्यासाठी असते; त्यामुळे अपस्मारावरील कार्बामाझेपिनसारखे चिवट औषध तिथून जवळपास तेवढेच पुढे जाते.

जलपर्णीचे एक रोप उपटून पाहावे. खाली पिसांसारखी काळपट-जांभळी मुळे लोंबत असतात आणि बोटांना बुळबुळीत थर लागतो. बरेचसे काम या थरातच चालते: वनस्पती पानांकडून मुळांपर्यंत प्राणवायू पोचवते आणि त्याच्या आधाराने तेथील जीवाणू आयबुप्रोफेनसारख्या औषधांचे विघटन करतात. कार्बामाझेपिनला मात्र ते फारसा धक्का लावू शकत नाहीत. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे ते मुळांच्या पेशींतून सहज आत शिरते, बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने वर चढते आणि पानांत साठते. त्याचा काही भाग वनस्पतीची विकरे (एन्झाइम) बदलून टाकतात, पण पान पाण्यातच कुजले तर उरलेले औषध पुन्हा पाण्यात जाण्याचा धोका राहतो.

डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाची गोष्ट आणखी गमतीची आहे. (गिधाडांच्या ऱ्हासामुळे 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी ज्यावर बंदी घातली, तेच हे औषध.) स्वित्झर्लंडमधील ग्राइफेनझे सरोवरात ते मुख्यतः उन्हाने नष्ट होत असल्याचे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे पाण्यावर जलपर्णीची गच्च चादर असेल, तर हे काम करणारे ऊनच अडते!

स्वित्झर्लंडने 2016 पासून निवडक केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक काढणे बंधनकारक केले, तेव्हा भर ओझोन आणि सक्रिय कोळशावर राहिला. वनस्पतींची जागा, माझ्या मते, केंद्रातून शुद्ध होऊन निघालेल्या पाण्यासाठीच्या उथळ तळ्यात आहे. तिथेही दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, आवरता न येणाऱ्या जलपर्णीपेक्षा आपले पाणकणीस लावावे, मध्ये ऊन पडेल असे मोकळे पाणी ठेवावे आणि पाला कुजण्याआधी कापून बाहेर काढावा. हा पाला गुरांना मात्र घालू नये.